बाहुलीचं वरचं अर्धं

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पण शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक होता आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी दुसरा. तो दुसरा ब्रेक दाबण्यात उभा जन्म गेल्यामुळे त्यांचा उजवा पाय त्यांचंच ऐकेनासा झाला होता. शेजारचं माणूस जरा घाबरलं की पाय आपला खाली. जेवताना, सिनेमा बघताना, घरात भांडण चालू असतानासुद्धा. बायको म्हणायची, "दाबा, दाबा हवा तेवढा. मी काही थांबत नाही."

ती थांबली नाही. मागच्या वर्षी गेली. इथल्याच सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात. मास्तर त्या वेळी दाराबाहेरच्या बाकावर तिचा चष्मा आणि चपला सांभाळत बसले होते. भेटीची वेळ सोडून पुरुषांना आत मनाई होती. शेवटी कुणीतरी दार उघडून "या आता" म्हणालं, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुणाशी भांडावं तर समोर माणूसच नव्हता. नियम होता.

आता लेकीचे दिवस भरत आले होते, आणि लेकीने एकच गोष्ट मागितली होती.

"बाबा, तुम्ही आत हवेत. दाराबाहेर नाही. आत."

"आत," मास्तर म्हणाले.

शब्द देऊन बसले खरे, पण तो पाळायचा कसा ते त्यांना ठाऊक नव्हतं. जावई बोटीवर आचारी होता आणि बोट भर समुद्रात होती. लेकीच्या सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. बहीण नाही, जाऊ नाही. बाईमाणूस म्हणून उरली होती ती एकटी आत्या, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. ती जिवाला जीव देणारी होती, पण तिला स्वतःच्या बाळंतपणांविषयी बोलायला आवडायचं. लोक लढाईच्या गोष्टी सांगतात तशी ती सांगायची. थोरल्याच्या वेळी म्हणे डॉक्टर रडत होते. मधल्याच्या वेळी दिवे गेले, आणि आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले. 

"आत्या आत आली तर बाळ बाहेर येणार नाही," लेक म्हणाली. "मी त्याच्या जागी असते तर नसते आले."

त्याच दवाखान्याचा बाळंतपणाचा विभाग बरेच महिने बंद होता, तो नुकताच उघडला होता. नुसता उघडला नव्हता, सुधारून उघडला होता. दारावर मोठी पाटी होती, 'तुमचं बाळंतपण, तुमची निवड'. त्या पाटीखाली मोठ्या सिस्टर बसायच्या. त्यांचा आवाज असा होता की झोपलेलं बाळ जागं व्हावं आणि जागं झालेलं गप्प बसावं.

"बोला," त्या लेकीला म्हणाल्या. "खाटेवर, स्टुलावर, चेंडूवर की टबात?"

"काय?"

"बाळंत व्हायचंय ना?"

"खाटेवर," लेक दचकून म्हणाली.

"पडदा निळा की पिवळा?"

"कुठलाही चालेल."

"कुठलाही हा पर्याय नाही."

"निळा."

"गाणी, समुद्राचा आवाज की शांतता?"

"समुद्र नको, नवरा तिकडेच आहे. शांतता द्या."

"शांतता सध्या बंद आहे. शेजारी फरशी कापतायत. गाणी लावते. सोबत कोण?"

"बाबा."

सिस्टरांनी मान वर करून मास्तरांना पायापासून टकलापर्यंत बघितलं. "सोबत बाईमाणूस लागतं. आई, सासू, बहीण, जाऊ, नणंद, काकू, मामी, मावशी, आत्या. एवढे पर्याय दिलेत."

"पण मला बाबा हवेत."

"टब घे गं," सिस्टर जरा मवाळ होऊन म्हणाल्या. "टब अजून कुणीच घेतला नाहीये."

मास्तर तडक दवाखान्याच्या प्रमुखांकडे गेले. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे. मोठे डॉक्टर आपल्या खोलीत जमिनीवर बसून एका लाकडी खोक्याचे खिळे काढत होते.

"टब बघितलात का?" त्यांनी मास्तरांना पाहताच विचारलं.

"बघितला. चांगला आहे. पण मुलीला आत मी हवाय."

"पुरुषांना मनाई आहे हो."

"मी तिचा बाप आहे."

"बाप पुरुषच असतो," मोठे डॉक्टर म्हणाले. "हे बघा, माझ्या हातात असतं तर मी कधीच हो म्हटलं असतं. नियम बदलायचा म्हणजे वरचे तपासनीस. ते उद्या सकाळी येतायत. पण ते फक्त कर्मचाऱ्यांशी आणि पेशंटशी बोलतात. बाहेरच्याशी नाही."

एवढ्यात खोक्याचं झाकण निघालं. आत पेंढा होता, आणि पेंढ्यात दोन रबरी पाय. गुडघ्यात वाकलेले, कंबरेपर्यंत. कंबरेच्या वर काहीच नव्हतं.

मोठ्या सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी खोक्यात हात घालून तळापर्यंत चाचपलं.

"वरचं अर्धं नाही आलं," त्या म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी उरलेला पेंढाही जमिनीवर उपसून काढला. उद्या तपासनीसांपुढे बाळंतपणाचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं होतं. विभाग इतके दिवस बंद होता की बायकांना तो अजून बंदच वाटत होता, आणि सगळ्या लांबच्या मोठ्या दवाखान्यात जात होत्या. म्हणून तर ही बाहुली मागवली होती.

"पण बाळंत तर खालचं अर्धंच होणार ना?" मास्तर म्हणाले. त्यांना खरोखरच मदत करायची होती.

"बाळंत खालचं अर्धं होणार," सिस्टर म्हणाल्या. "पण पर्याय कुणाला विचारायचे? पडदा निळा की पिवळा हे गुडघ्यांना विचारू? सगळी सुधारणा वरच्या अर्ध्यातच आहे."

"तुमच्यापैकी कुणी—"

"कर्मचाऱ्याने पेशंट व्हायचं नाही. नियम आहे."

मग मोठे डॉक्टर हळूच उठले, कपड्यांवरचा पेंढा झटकला आणि मास्तरांकडे बघत राहिले. सिस्टरही बघत राहिल्या.

"तुम्हाला तोंड आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि तपासनीस पेशंटशी बोलतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना लेबर रूममधल्या टेबलावर बसवलं. त्या टेबलाचा खालचा भाग सुटा व्हायचा. सिस्टरांनी तो जरा पुढे ओढून त्यावर रबरी पाय ठेवले. मागच्या भागावर उशांना टेकून मास्तर, आणि त्यांचे स्वतःचे पाय मधल्या फटीतून खाली सोडलेले. वरून हिरवी चादर टाकली तेव्हा वरचं अर्धं आणि खालचं अर्धं एकाच माणसाचं वाटायला लागलं. टक्कल आणि मिशी तेवढी आड येत होती; टकलावर टोपी घातली, मिशीवर मास्क बांधला. मनगटावर वॉर्डाचा पट्टा बांधला. पट्ट्याशिवाय त्या टेबलावर कुणी बसायचं नाही, असा सिस्टरांचा दंडक होता.

बाहुलीच्या पोटात रबरी बाळ होतं, आणि ते पुढं सरकवायला पायाने दाबायचा पंप होता. एकेका दाबाला बाळ बोटभर पुढं. पंपाची नळी आखूड निघाली. ती ओढून ताणून पंप जिथं पोचला, तिथं नेमका मास्तरांचा उजवा पाय होता.

"मी मान हलवली की दाबायचा," सिस्टर म्हणाल्या. "एरवी पाय उचलून ठेवायचा."

"तो माझ्या हातात नाही," मास्तर म्हणाले.

"तुमच्या हातात कशाला? तुमच्या पायात आहे."

तपासनीस वेळेवर आले. किडकिडीत माणूस, कोट अंगाभोवती दोनदा गुंडाळता आला असता. त्यांच्यामागून मोठे डॉक्टर हात चोळत आले. तपासनीसांनी भिंतीवरून बोट फिरवलं, चेंडू दाबून बघितला, टबात कोपर बुडवून बघितलं, आणि मग टेबलापाशी आले.

"काय बाई, पडदा कुठला हवा ते विचारलं का?"

"विचारलं," मास्तर मास्कमधून म्हणाले.

"आवाज बसलाय का?"

"ओरडून ओरडून बसतो," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मान हलवली. मास्तरांनी पाय दाबला. चादरीखाली सूं करून हवा गेली आणि बाळ सरकलं. तपासनीस वाकून बघू लागले. सिस्टरांनी पुन्हा मान हलवली, पुन्हा सूं. असं करता करता रबरी डोक्याची टाळू दिसायला लागली.

"छान," तपासनीस म्हणाले. "बाई, काही तक्रार?"

रात्रभर मास्तरांनी याच प्रश्नाची तयारी केली होती.

"आहे. बाळंतिणीला सोबत तिचे वडील हवे असतील तर येऊ द्यावेत."

मोठ्या डॉक्टरांनी डोळे मिटले.

"तुमचे वडील आहेत का हयात?" तपासनीसांनी विचारलं.

"नाहीत."

"मग तुमची तक्रार मिटली."

"माझं नाही हो. माझ्या मुलीचं म्हणतोय मी—"

"तुमची मुलगी अजून झालेली नाही," तपासनीस समजुतीच्या सुरात म्हणाले. "होऊ दे आधी. मुलगाही असू शकतो."

मास्तर पुढं काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला. त्यात एक आवाज त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

"अगं, काही नाही होत! माझ्या मधल्याच्या वेळी तर मी शुद्धीतच नव्हते!"

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत लेक होती, घामाघूम, ओठ दातांत धरलेले. मागे खुर्ची ढकलत आत्या. पोटात कळ आली तेव्हा शेजारी आत्याच होती, ती तिला तशीच उचलून घेऊन आली होती. लेकीने आत येताच सगळीकडे नजर फिरवली, आणि चादरीच्या वर, उशांना टेकलेलं आपल्या बापाचं डोकं तिला दिसलं. ते कंबरेखाली दोन तरण्या पायांना जोडलेलं होतं.

"बाबा?" ती म्हणाली. "झालं काय तुम्हाला?"

"अजून काही नाही," मास्तर म्हणाले.

मोठ्या सिस्टरांनी तिला हात देऊन शेजारच्या खाटेवर घेतलं, पोटावर हात ठेवला आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. बाहुलीपुढं त्या कर्मचारी वाटत होत्या, आता सिस्टर वाटायला लागल्या.

"खरी आहे," त्या म्हणाल्या. "पुरुष बाहेर!"

"मी तपासनीस आहे," तपासनीस म्हणाले.

"पुरुष आहात ना?"

"आहे."

"मग बाहेर. नियम तुमचाच आहे, साहेब."

मास्तरांनी दाराकडे बघितलं. असंच दार, पलीकडे असाच बाक. त्यांनी मुकाट्याने चादर बाजूला केली आणि उतरायला लागले. लेकीने हात लांब करून त्यांची बाही धरली.

सिस्टरांनी तो हात बघितला. मग बाही बघितली, आणि बाहीतून बाहेर आलेलं मनगट.

"तुम्ही कुठं निघालात?"

"बाहेर. पुरुष म्हणालात ना."

"पट्टा कसला आहे हातात? पट्टा असलेल्या पेशंटने टेबल सोडायचं नाही. बसा वर."

"सिस्टर, पण हे तर—" तपासनीस दारातून वळले.

"हे पेशंट नसतील, साहेब, तर आत्ता तुम्ही तपासलंत ते काय होतं?"

तपासनीस विचारात पडले. आपण काय तपासलं हे सांगावं लागलं, तर ते सांगण्यासारखं नव्हतं. "पेशंट आहेत," ते म्हणाले आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसले.

"मी राहते आत," आत्या म्हणाली. "मला अनुभव आहे."

"आत्या, मला सोबत कुणी नको," लेक धापा टाकत म्हणाली.

"कुणी नको? मग बाप कसा चालतो?"

"बाप कुठं दिसतोय तुम्हाला?" सिस्टर म्हणाल्या. "ती शेजारची बाळंतीण आहे." आणि आत्याला हळूच दाराबाहेर करून त्यांनी दार लावलं.

मग त्या मास्तरांजवळ आल्या, चादर पुन्हा नीट टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता नीट ऐका. बाळंत झालेल्या पेशंटला मला इथं ठेवता येत नाही, पलीकडच्या वॉर्डात हलवावं लागतं. तुमच्या बाळाचं डोकं दिसायला लागलंय. तिचं व्हायच्या आधी तुमचं झालं तर मी काही करू शकत नाही. कळलं ना? पाय सांभाळा."

कळलं होतं. पण मास्तरांना कळून उपयोग नव्हता, पायाला कळायला हवं होतं.

पहिली जोराची कळ आली तशी लेक विव्हळली, आणि उजवा पाय खाली. सूं. रबरी बाळ बोटभर पुढं आलं.

"मास्तर!" सिस्टर ओरडल्या.

"मी नाही हो! तोच!"

त्यांनी डावा पाय उजव्यावर टाकून तो दाबून धरला. दुसऱ्या कळेला दोन्ही पाय मिळून खाली गेले. सूं. मग त्यांनी गुडघ्याला दोन्ही हातांची मिठी घातली आणि पाय छातीशी ओढला. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, हात द्या." एक हात तिला गेला. आता एका हाताने एवढ्या वर्षांची सवय आवरायची होती. लेक त्यांची बोटं पिळत होती, ते स्वतःचा गुडघा पिळत होते, आणि दोघांच्या कपाळावर सारखाच घाम होता. स्पीकरवर कुणीतरी प्रेमाचं गाणं म्हणत होतं. भिंतीपलीकडे फरशी कापली जात होती.

अशात धाकट्या डॉक्टर आल्या. त्या ड्यूटीवरच्या डॉक्टर. मुलगी हुशार होती, पण दुसरं कुणी बदलीला येत नसल्यामुळे तिची ड्यूटी संपतच नव्हती, आणि आता समोर काय दिसतंय याचं नवल वाटण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. आत येताच तिने जवळची चादर वर केली.

"सिस्टर, डोकं बाहेर आलंय! ही केस आधी!"

"मॅडम, तिला आधी बघा," मास्तर म्हणाले. "मला काही घाई नाही."

"असं नसतं, आई. आता थांबायचं नाही. जोर करा."

"मी नाही करणार."

"सगळ्या असंच म्हणतात. करावाच लागतो."

"अहो, करायचा नाही म्हणून तर एवढा वेळ धडपडतोय!"

शेजारच्या खाटेवरून विचित्र आवाज आला. लेक हसत होती. दोन कळांच्या मधल्या वेळात, डोळ्यांतून पाणी काढत. "बाबा, हसवू नका हो. दुखतं."

"बाबा?" धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. मास्क केव्हाच गळ्यात आला होता. त्यांनी मिशी नीट निरखून बघितली. "येते काहींना," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चादरीकडे वळणार तेवढ्यात सिस्टरांनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना लेकीपुढं उभं केलं. तिथं मात्र त्यांचे हात एकदम जागे झाले. पुढं त्या एकदाही चुकल्या नाहीत.

आता कळा एकीला लागून एक यायला लागल्या. लेक कुणाकडे बघत नव्हती. मास्तरांना वाटलं, हिची आई असती तर हिला काय बोलायचं ते तिला कळलं असतं. गाडी शिकवताना सुचतं तसलं इथं काही लागू नव्हतं.

"आई गं!" लेक ओरडली.

"ओ," मास्तर म्हणाले.

ते ठरवून म्हणाले नाहीत. त्या हाकेला ओ द्यायला घरात दुसरं कुणी राहिलं नव्हतं, एवढंच.

लेकीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा कळ आली, पुन्हा ती "आई गं" म्हणाली, आणि ते पुन्हा "ओ" म्हणाले. मग ते तसंच चालू राहिलं. धाकट्या डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सिस्टरांनी गाणं बंद केलं. फरशीवाल्यांना त्यांनी भिंतीवर बुक्की मारून असं काही सुनावलं की तिकडचंही थांबलं. शांतता हा पर्याय अशा रीतीने त्या दिवशी सुरू झाला.

"आता!" सिस्टर म्हणाल्या. "आता शेवटचा. सगळा जोर!"

त्या कुणाला म्हणाल्या हे सांगायची गरज नव्हती, पण मास्तरांचा गुडघा हातातून सुटला. पाय सगळ्या ताकदीनिशी खाली गेला आणि तिथंच राहिला. लेकीने डोळे मिटून जोर केला, आणि एकाच क्षणाला दोन्हीकडून बाळं आली. एक सिस्टरांच्या हातांत, ओलं, निळसर, मुठी वळलेलं. दुसरं चादरीखालून सुटून, खोलीतून उडत जाऊन, पलीकडच्या टबात धप्पकन पडलं.

क्षणभर दोन्ही गप्प. मग एक रडलं.

"मुलगी," सिस्टर म्हणाल्या.

"रडली," मास्तर म्हणाले. "ती रडली ना?"

"रडली, रडली. तुम्ही नका रडू आता."

दाराबाहेर मोठ्या डॉक्टरांनी तो धप्प आवाज ऐकला आणि तपासनीसांचा हात धरला. "टब!" ते म्हणाले. "टबात झाली!" पुढं दवाखान्याच्या अहवालात टबातली पहिली प्रसूती म्हणून तिचीच नोंद झाली, आणि ती कुणी खोडली नाही.

नियमाप्रमाणे दोघांनाही बाळंतिणींच्या वॉर्डात हलवलं. शेजारी शेजारी खाटा. लेकीच्या पाळण्यात लेकीची मुलगी, मास्तरांच्या पाळण्यात रबरी बाळ, टॉवेलने पुसून ठेवलेलं. धाकट्या डॉक्टरांनी मास्तरांचा रक्तदाब बघितला आणि तो वाढलाय म्हणून त्यांना उठायला बंदी केली. भेटीच्या वेळात आत्या आली. दोन्ही पाळण्यांत वाकून बघितलं, लेकीच्या कपाळाचा मुका घेतला, आणि मास्तरांना म्हणाली, "तुझं सोपं झालं म्हणायचं. माझ्या थोरल्याच्या वेळी तर—"

"ताई," मास्तर म्हणाले, "सांग. आज सगळं सांग."

आत्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांग म्हणालं होतं. तिला काही आठवेना. ती खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तुझे भावजी बाहेर होते रे. तिन्ही वेळेला. मला वाटायचं, आत असते तर बरं झालं असतं."

संध्याकाळच्या आत तपासनीसांचा निर्णयही आला. वडिलांना आत सोडण्याची तरतूद नाही, सबब परवानगी देता येत नाही. मात्र शेजारच्या टेबलावर कोण असावं याविषयी नियमात काहीच म्हटलेलं नाही. मोठे डॉक्टर तो कागद घेऊन वॉर्डात आले. ते फार खुशीत होते. दोन बायकांनी चौकशीही करून ठेवली होती म्हणे. एकीचा नवरा येणार होता, एकीला तिची मैत्रीण हवी होती, म्हणून बाहुल्यांची आणखी खालची अर्धी मागवायची होती. "वरच्या अर्ध्याची ऑर्डर मी रद्द केली," ते म्हणाले.

ते गेल्यावर मोठ्या सिस्टर फेरीला आल्या. त्या लेकीच्या खाटेशी थांबल्या.

"घरी गेल्यावर तुझं बघायला कोण आहे?"

"बाबा आहेत."

"बरं." त्या मास्तरांच्या खाटेशी आल्या. सगळ्यांना विचारायच्या तसंच त्यांनी विचारलं, "आणि तुमचं बघायला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. "होती," ते म्हणाले.

सिस्टर थांबल्या. "आता कोण आहे?"

"आता नाही कुणी. म्हणजे, लेक आहे की."

"ती ओली बाळंतीण. ती तुमचं करणार की तुम्ही तिचं?"

"मी तिचं."

"मग तुमचं कोण?"

मास्तरांनी पाळण्यातलं रबरी बाळ सरळ केलं. गेल्या वर्षात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. कसे आहात असं खूप जणांनी विचारलं होतं, आणि बरा आहे असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"एकट्या बाळंतिणीला आम्ही घरी धाडत नाही," सिस्टर म्हणाल्या. "तिला सोडीन तेव्हाच तुम्हाला. तोवर पडून राहायचं." त्यांनी पांघरूण ओढून त्यांच्या गळ्यापर्यंत नीट घातलं, कपाळाला हात लावून ताप बघितला आणि दारातल्या आयाबाईला चहा आणायला सांगितलं.

"सिस्टर," लेक शेजारून म्हणाली. मास्तरांना ती झोपली आहे असं वाटलं होतं. "त्यांच्या चहात साखर जास्त घालायला सांगा. आई घालायची."

"रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीला साखर जास्त चालत नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि बाईच्या मागे जाऊन जास्त घालायला सांगून आल्या.